होळीआधीची रजा

फिटांच्या रोग्याला ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारायची आमच्या दवाखान्यात बंदी होती. ही बंदी सरकारने घातलेली नव्हती, कंपाउंडरने घातली होती. मी डॉक्टर म्हणून हजर झालो त्याच दिवशी ती मला लागू झाली. समोर बाकावर एक पावरा आदिवासी बसला होता. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मी हसून त्याला विचारलं, “काय, बरं वाटतंय ना आता?” तो तोंड उघडायच्या आत औषधांच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि माझ्यावर खेकसलं, “साहेब, अस्सं इचारू नका! तो हो म्हनी टाकी आनि उद्यापासून गोयी बंद करी.”

“मग काय विचारायचं?” गोयी म्हणजे गोळी, एवढं मला कळलं होतं.

“गोयी खादी का, इतलंच इचारा. बरं वाटस का नही ते त्यानं तो पाही लेई.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, सांगलीकडचा, कोरा करकरीत डॉक्टर. कंपाउंडरने डॉक्टरला शिकवायचं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. दुपारी त्यांना आत बोलावून मी चांगलं सुनावलं. रोग्यांसमोर असं बोललेलं मला चालणार नाही, म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, “बरं” म्हणाले, आणि पुढचा रोगी आल्याबरोबर पुन्हा खिडकीतून डोकं काढून मी काय विचारतो ते ऐकत उभे राहिले. पुढची सहा-सात वर्षं ते डोकं त्या खिडकीत होतं. माझ्या कपाळावरच्या निम्म्या आठ्या त्यांच्यामुळे आहेत.

हे कंपाउंडर, मगनआप्पा, मूळचे प्रकाशा गावचे. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी, घरी कापूस, केळी, विहिरीला भरपूर पाणी. असं घर सोडून हा माणूस धडगावच्याही पुढे, डोंगरातल्या एका तीन खोल्यांच्या सरकारी दवाखान्यात कशाला येऊन बसला होता, हे मला कधी नीट कळलं नाही. विचारलं की म्हणत, “थोरला भाऊसंगे पटे नही.” सहा महिन्यांसाठी आले होते म्हणे. मी गेलो तेव्हा त्यांना तिथे एकोणीस वर्षं झाली होती. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलं तर आप्पांचे मुलगे मला पत्र लिहून माझ्या चुका कळवतील. तो गुण घराण्यातच आहे.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. हुकूम धुळ्याहून यायचे, औषधं शहाद्यापर्यंत एसटीने आणि पुढे घाटातून लाकडाच्या ट्रकवर बसून यायची. पावसाळ्यात तीही येत नसत. आप्पा माझ्याशी अहिराणीत बोलत, रोग्यांशी पावरीत किंवा अहिराणीत, आणि फार संतापले म्हणजेच शुद्ध मराठीत. अंगाने काटकुळे, धोतरावर खाकी कोट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काम करताना सतत पुटपुटत असायचे. जवळ जाऊन ऐकलं की कळायचं, कुणाला तरी शिव्या देताहेत. बऱ्याचदा ते कुणीतरी मीच असे.

त्या भागात फिटांचे रोगी मला वाटलं होतं त्याहून बरेच जास्त होते. ते दवाखान्यात फिटांसाठी येतच नसत. ते भाजले म्हणून येत. घराच्या मध्यभागी चूल, भोवती माणसं, थंडीत तर रात्रंदिवस विस्तव. माणूस पडला की तो त्यात पडणार. औषध म्हणाल तर साधं होतं. झोपेच्या औषधाच्या जातीची एक बारीक पांढरी गोळी, रोज एक. पण ती रोज आणि वर्षानुवर्षं घ्यायची. मध्येच एकदम बंद केली तर फिट परत येते आणि येते तीही एकामागोमाग एक, माणसाला उसंतच देत नाही. आता जो माणूस ताप उतरला की औषध थांबवतो, त्याला हे कसं समजावणार? मी चित्रं काढून समजावलं. मेंदू काढून दाखवला. लोक चित्र बघायचे, मान डोलवायचे आणि दोन महिन्यांनी फिट थांबली की गोळ्या कोनाड्यात ठेवून द्यायचे.

आप्पांकडे चित्रंबित्रं नव्हती. ते रोग्याला विचारत, “मीठ खास का?”

“खातो.”

“कवयपावत खाशी?”

कुठवर मीठ खाणार, या प्रश्नावर रोगी हसायचा. मरेपर्यंत खाणार, दुसरं काय? “मंग हाई बी मीठच समज,” आप्पा गोळी त्याच्या नाकासमोर धरून सांगायचे. “औषध दुखनासाठे ऱ्हास. हाई औषध नही, हाई मीठ शे. मीठ कोनी बंद करस का?”

मला याचा भयंकर राग यायचा. औषधाला औषध न म्हणणं ही फसवणूक आहे, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “तुम्हना मेंदू काढानी पद्धतवर किती जन टिकनात?” माझे दोन टिकले होते. त्यांचे मी मोजायचं टाळलं.

नुरजी आला तो माझ्या पहिल्याच पावसाळ्यात. वीस-बावीस वर्षांचा, उंच, लाजाळू. डावा हात जुन्या भाजण्याने आखडलेला. लहानपणापासून पडायचा. त्याची बायको तेगी त्याच्याबरोबर आली होती आणि सगळं तीच बोलत होती, बाजारात ऐकून शिकलेल्या मोडक्या अहिराणीत. त्याला एकट्याला नदीवर पाठवत नाहीत, शेतात पाठवत नाहीत, झाडावर चढू देत नाहीत. हे सगळं मला अपेक्षित होतं. पण तिची खरी तक्रार वेगळीच होती. पाड्याचा मोठा ढोल नुरजीच्या बापाकडे असायचा. बाप मेल्यावर तो नुरजीकडे यायला हवा होता, पण पडणाऱ्या माणसाने होळीच्या आगीजवळ ढोल कसा वाजवायचा? म्हणून पाड्याने तो दुसऱ्या घरी नेऊन टांगला. नुरजी हे ऐकताना जमिनीकडे बघत होता. मी आपला फिट किती वेळ टिकते, जीभ चावतो का, हे विचारत होतो. आप्पांनी खिडकीतून त्याला काय हवंय एवढंच विचारलं, “ढोल परत जोयजे का?” नुरजीने पहिल्यांदा मान वर केली.

त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. फिट थांबली. वर्ष गेलं, फिट नाही. त्याला आता एकट्याला नदीवर जाऊ द्यायला लागले. दुसऱ्या वर्षी ढोल त्याच्या घरी परत आला. हे सांगायला तो चार तास चालून दवाखान्यात आला, तर आप्पा त्याला म्हणाले काय? “गोयी खादी का आज?” त्याने अजून खाल्ली नव्हती. निघायच्या घाईत राहिली होती. मग आप्पांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो ऐकून बाकावरचे दोघे रोगी उठून बाहेर गेले. “मर मंग! माले काय? पड चुल्हामा!” असलं बोलणं. नुरजी खाली बसून गोळी खाऊन, हसत हसत परत गेला. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आप्पांच्या कामाची रीत अशी होती, की कुठलाही सरळ डोक्याचा डॉक्टर वेडा व्हावा. बाजाराच्या दिवशी, म्हणजे दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दी असे त्याच दिवशी, हे गायब. बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन बाजारात मोहाच्या झाडाखाली बसलेले. फिटांच्या रोग्यांना तिथे गोळ्या वाटायचे. मी रागावलो की म्हणायचे, “साहेब, तुम्ही दवाखानामा बठा. रोगी बाजारमा शे.” चार बाजारांच्या, म्हणजे चार आठवड्यांच्या गोळ्या एका चिंधीत चार गाठी मारून द्यायचे, प्रत्येक बाजारी एक गाठ सोडायची. मी रोग्यांची यादी करायचा आग्रह धरला, तर मला ऐकवलं, “कागदवर नाव लिखं म्हनजे मानूस हाजर व्हस का?” यादी मी एकट्याने केली. ती अर्धी चूक निघाली, कारण एकाच माणसाची दोन-दोन नावं होती आणि ते आप्पांना ठाऊक असून त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

पाऊस संपला की डोंगरातली बरीच माणसं कापूस वेचायला तापीकाठी उतरायची. तीन-चार महिने तिकडेच. मग गोळ्यांचं काय? आप्पांनी सरकारी गोळ्यांचा एक डबा प्रकाशाला, ज्या भावाशी पटत नव्हतं त्याच भावाच्या ओसरीवर ठेवला होता, आणि दुसरा कोरीटला मेहुण्याकडे. मजूर तिथे जाऊन गोळ्या मागून घ्यायचे. हे मला तिसऱ्या वर्षी, तेही योगायोगाने कळलं. सरकारी औषध शेतकऱ्याच्या ओसरीवर! माझी नोकरी जाईल, मी ओरडलो. “जाई तर जाई,” आप्पा म्हणाले, “तुम्ही शिकेल शेतस, दुसरी भेटी जाई.”

पण सगळ्यात जास्त डोकं उठायचं ते त्यांच्या होळीआधीच्या रजेने. दर वर्षी होळीला आठ दिवस उरले, की त्यांचा अर्ज टेबलावर यायचा. कारणाच्या जागी एकच शब्द, ‘काम’. मी विचारायचो, “कसलं काम?”

“शे एक.”

“घरी कोणाचं लग्न आहे?”

“मी काय लगनले जाई ऱ्हायनू?”

“मग कुठे जाताय?”

“तुम्हले सांगीसन काय व्हई?”

आणि ते प्रकाशाच्या दिशेने खाली न जाता वर डोंगरात चालू लागायचे. परत यायचे ते वाळून, डोळे खोल गेलेले, तिरसट. दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. दारू प्यायला जात असावेत, असा माझा समज होता. होळीच्या दिवसांत मोहाची कमी नव्हती. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसाच समज होता आणि मी तो दोघा-चौघांना बोलूनही दाखवला होता.

तिसऱ्या होळीला नेमकं त्याच आठवड्यात धुळ्याहून मोठे साहेब दवाखाना बघायला येणार असं पत्र आलं. मी हादरलो. भिंतींना चुना लावून घेतला, बाटल्या पुसायला काढल्या. आणि आप्पांचा अर्ज आला. मी तो परत सरकवला. यंदा रजा नाही. ते टेबलासमोर उभे राहिले आणि स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले, “मला जायला हवं. मी दर वर्षी जातो.” त्यांच्या शुद्ध मराठीचा अर्थ मला ठाऊक होता. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे फक्त मोठे साहेब होते. मी म्हटलं, “कारण सांगा, मग बघू.” त्यांनी अर्जाची घडी घातली. “सांगा ना!” मग ते वळले आणि बाटल्या पुसायला बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा या माणसाने माझं ऐकलं, म्हणून मी मनातून खूश झालो. ते खरं आहे, लपवत नाही.

साहेब आलेच नाहीत. घाटात जीप बंद पडली म्हणून शहाद्याहूनच परत गेले. पुढे चार दिवसांनी, भर दुपारी, चार जण बांबूला झोळी बांधून खाली उतरले. झोळीत नुरजी होता.

त्याची फिट थांबत नव्हती. एक संपेपर्यंत दुसरी. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला, गालावर एक पट्टा. मी इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं. आप्पा त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. तासाभराने तो शांत झाला, श्वास नीट चालू लागला. मग मी तेगीवर ओरडलो. गोळ्या संपल्या होत्या का? का बंद केल्या?

तेगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती आप्पांकडे बघत होती. म्हणाली, “पाळणीम्हा मीठ नही चाले. आप्पानीच सांगं, गोयी म्हनजे मीठ. मंग तो कशी खाई?” आणि थोडं थांबून, “दरसाल तू येस. देवले इचारस. यंदा तू उना नही.”

हळूहळू मला सगळं उलगडलं. त्यांच्या पाड्यात होळीत ढोल वाजवणाऱ्याने आणि नाचणाऱ्याने आधी पाच दिवस पाळणी धरायची असते. जमिनीवर झोपायचं, स्वतःच्या हाताने रांधून खायचं, दिवसातून एकदा. आणि त्या पाड्याची रीत अशी, की त्यात मीठ घालायचं नाही. नुरजी प्रामाणिक माणूस. ढोल परत मिळालेला. तो पाळणीत चोरून मीठ कसं खाईल? त्याने पहिल्याच दिवशी गोळी बंद केली आणि चौथ्या दिवशी स्वतःची भाकरी भाजताना चुलीत पडला.

हे आप्पांना ठाऊक होतं. म्हणून ते दर वर्षी होळीआधी त्या अंगाच्या पाड्यांवर फिरायचे. पुजाऱ्याला घेऊन देवापुढे बसायचे, गोळी देवापुढे ठेवायची, आणि देवाला विचारायचं, की पाच दिवस ही मीठ नाही असं धरलं तर चालेल का? देव हो म्हणायचा. होळी झाली की ती परत मीठ. असला कायदा मी कुठे ऐकला नव्हता, पण तो तिथे चालत होता.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. ते पंपाखाली हात धूत होते. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मुद्दा एकच होता. एक शब्द सांगायला काय झालं होतं? एक शब्द! मी रजाच काय, हवं ते दिलं असतं. आणि नुरजीला एकदाच नीट सांगायचं, की ही गोळी मीठ नाही, पाळणीतही खा!

“एकदाव सांगीसन चालत नही,” ते हळू म्हणाले. “देवले दरसाल नवं इचारनं पडस. पुजारानी हो म्हनं नही, तर तो खात नही.”

“मग मला का नाही सांगितलं?”

त्यांनी हात पुन्हा धुतले. मग तुटक तुटक सांगितलं. मी यायच्या आधी कधीतरी, दुसऱ्या एका पाड्यावर, असाच एक जवान गडी पाळणीत पडला आणि उठला नाही. त्यालाही मीठ म्हणून आप्पांनीच सांगितलं होतं. तोवर त्यांना पाळणीतल्या मिठाचं ठाऊक नव्हतं. “मन्हा शब्दवर मरना तो,” आप्पा म्हणाले. “कोन तोंडे सांगू? माले लाज वाटे.” मग हात धोतराला पुसत म्हणाले, “इतला वरीस एक बी साहेबनं ऐकं नही. तुम्हनं एक डाव ऐकं, आनि हाई व्हयनं. माले पळी जावाले पाहिजे व्हतं.”

मी मोठ्या तोंडाने भांडायला गेलो होतो. मी माफी मागायला लागलो तर ते चिडले. “माले काय मांगतस? तो आत पडेल शे, त्याले मांगा.” आणि पंप तसाच ठिबकत ठेवून निघून गेले. गेली कित्येक वर्षं मी ठरवतोय, की चूक कोणाची जास्त. कधी त्यांची वाटते, कधी माझी. त्यांनी लाज बाळगली, मी चुना लावला. पण हात भाजला तो तिसऱ्याचाच. या माणसाचा मला अजून राग येतो, आणि तो आला की लगेच स्वतःचाही येतो.

नुरजी वाचला. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून गेली. तेगीने चामड्याची पट्टी शिवून ढोलाची काठी त्याच्या मनगटाला बांधायची युक्ती काढली, आणि दोन वर्षांनी तो पुन्हा वाजवू लागला. मी त्याची माफी मागितली. त्याला ती का ते कळलं नाही. त्याने मला त्याच्या शेतातली काकडी दिली.

पुढच्या होळीआधी आप्पांनी अर्ज दिला नाही. मीच कागद काढला आणि रजा न लिहिता ‘फिरतीचं काम, दोघेही’ असं लिहिलं. त्यांनी चष्म्यातून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “चालनं फार शे. रडशात.” रडलो. पाच तास चढ, उन्हाचे दिवस. वर पुजारा म्हणजे दात नसलेला एक म्हातारा, आप्पांपेक्षाही खडूस. देवापुढे तासभर काय काय झालं, आणि शेवटी आप्पांनी मला त्याचं म्हणणं सांगितलं. देव हो म्हणतो, पण ज्याच्या हातची गोळी, त्यानेही पाच दिवस पाळायचं. बिनमिठाचं खायचं.

“हे आजच निघालं का?” मी विचारलं.

“नही, दरसाल ऱ्हास,” आप्पा म्हणाले. “आजवर मन्हं एकलानं व्हतं.”

म्हणजे ते वाळून, डोळे खोल जाऊन यायचे ते यामुळे. मी दारू समजत होतो. पाच दिवस मी अळणी भाकरी आणि अळणी डाळ खाल्ली, आणि पाचही दिवस आप्पांवर चिडून होतो. ते माझ्यावर चिडून होते. दवाखान्यात त्या आठवड्यात कुणी पाऊल ठेवायला धजत नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी हे चाललं. मी पावरी शिकलो, वाईट, पण देवापुढे चालण्याइतपत.

आप्पा निवृत्त होऊन प्रकाशाला गेले, त्या वर्षी मी त्यांना निरोप द्यायला ट्रकपर्यंत गेलो. वाटलं, हा माणूस आता तरी एखादा गोड शब्द बोलेल. ट्रकच्या फळीवर चढून ते म्हणाले, “होळीले जाशात ना? का मोठा साहेब येवाव शे?” एवढंच. आणि पुढच्या होळीआधी न बोलावता स्वतःच हजर. म्हटलं, आप्पा, तुम्ही निवृत्त झालात. तर म्हणे, “दवाखानामातून व्हयनू.” आणि माझ्यापुढे काठी टेकत चढायला लागले. धापा टाकत होते, पण मला पुढे जाऊ दिलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र ते आले नाहीत. पाळणी बसायच्या आदल्या दिवशी दुपारी लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर दवाखान्यात आला. आप्पांच्या मुलाने निरोप दिला होता. सकाळी आप्पा गेले. मुलगी सुरतेहून यायची आहे, म्हणून उद्या सकाळी तापीवर नेणार. डॉक्टरसाहेबांची वाट बघतो. ट्रक तासाभराने परत जाणार होता.

मरायलाही या माणसाला वर्षातला नेमका तोच दिवस सापडला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि मोठ्याने रडलो, आणि रडता रडता त्यांना शिव्या दिल्या. त्यांच्याकडूनच शिकलेल्या. खाली प्रकाशाला गेलो असतो तर परत यायला दोन दिवस, आणि उद्या सकाळी देवापुढे बसायला कुणी नाही. नवा कंपाउंडर तीन महिन्यांपूर्वी आलेला, त्याला पावरीचा शब्द येत नव्हता. ड्रायव्हर विचारत होता, साहेब, चलता ना? मी त्याला सांगितलं, नाही. त्याने माझ्याकडे जे बघितलं, तसंच आप्पांच्या मुलांनी पुढे कित्येक वर्षं बघितलं. पंचवीस वर्षं वडिलांनी ज्या दवाखान्यात काढली, तिथला साहेब चितेला आला नाही. त्यांचं चुकलं नाही.

पहाटे निघून मी पाड्यावर पोचलो, तेव्हा पुजारा देवाच्या दगडापुढे बसून होता. नुरजी, तेगी, आणि आणखी पाळणी धरणारे सात-आठ जण. मला एकट्याला बघून नुरजीने विचारलं, “आप्पा कोठे शे?”

“खाली,” मी म्हणालो. “प्रकाशाला.”

खोटं नव्हतं ते. पण खरं सांगता येत नव्हतं. त्यांच्यात आपल्या माणसाच्या मरणाची बातमी आली, की पुजारा देवापुढून उठतो आणि मग पाच दिवस देवाला काही विचारत नाही. पाळणी मात्र थांबत नाही. आणि आप्पा त्यांचे नव्हते असं तिथे कोण म्हणालं असतं?

मी गोळ्या दगडापुढे ठेवल्या. नेहमीचं सगळं माझ्या मोडक्या पावरीत म्हटलं. पुजारा त्या दिवशी कधी नव्हे इतका रेंगाळला. मोहाची फुलं वाहिली, पुन्हा उचलली, पुन्हा वाहिली. मध्येच म्हणाला, पुढच्या साली त्या म्हाताऱ्याला पाठीवर घालून आण, तुझं बोलणं देवाला नीट कळत नाही. सगळे हसले. मीही हसलो. शेवटी त्याने मान हलवली आणि एकेक गोळी उचलून एकेकाच्या हातावर ठेवली.

नुरजीने दोन बोटांत धरून ती तोंडात टाकली, तेगीने पुढे केलेलं पाणी प्यायला. मग मी त्याला सांगितलं.